कोंबड्या घेऊन श्रीगोंद्याला

माझा धंदा मंडपाचा. भिंगारच्या बाजारामागे गोडाऊन आहे, दोन टेम्पो आहेत, आणि नगर शहरात लग्न असलं की लोक आधी दुसऱ्यांकडे भाव काढून मग माझ्याकडे येतात. मी कोणाचा मुलगा म्हणून धंद्यात आलेलो नाही. दुसऱ्याच्या मंडपात खुर्च्या उचलत होतो. मिलिटरीचा जुना माल लिलावात निघायचा, त्यातले फाटके तंबू मी घेतले, आईने ते हाताने शिवले, आणि तिथून पुढचं सगळं मी बोलून मिळवलं. बोलून म्हणजे भाव करून. कांदा घेतानाही माझी जीभ आपोआप चालू होते. बायको माझ्याबरोबर बाजारात येत नाही.

आमच्या मंडळीचा तरुण संघ माझ्याकडे आला, तेव्हा तो कुणालाच नको होता. चर्चमध्ये पाळकसाहेबांनी तीन रविवार विचारलं, कोण पुढे येतंय. सगळे भक्तिगीतांच्या पुस्तकात बघत बसले. शेवटी मीच उभा राहिलो, कारण पोरांच्या सहलीला बाहेरचा टेम्पो ठरवत होते आणि तो भाव ऐकून मला बसवेना.

बाहेरच्याला वाटतं, तरुण संघ म्हणजे गाणी आणि सहली. खरं काम असतं ते हंगाम बदलताना. जूनमध्ये संघ रिकामा होतो. वर्षभर घासून तयार केलेला गळा पुण्याला इंजिनिअरिंगला जातो, ढोलकीवाला नाशिकला, नर्सिंगच्या मुली आणखी लांब. उरतात ती दहावी-बारावीची, ज्यांचा आवाज अजून फुटतोय. त्यांना घेऊन पावसाळ्यात डोंगरात सेवेला जायचं, मग कापणीचा सण उभा करायचा, आणि कुठे सूर लागतोय तोवर डिसेंबर येतो. डिसेंबरात गेलेले सगळे परत येतात, नवी कटिंग करून, आणि पहिल्याच प्रॅक्टिसला म्हणतात, "दादा, आमच्या पुण्यात असं नाही करत." ज्यांनी सहा महिने संघ धरून ठेवला ती पोरं मागे सरकतात. त्यांना पुढे ढकलायचं, ह्यांना जमिनीवर आणायचं, आणि दोघांच्या मध्ये उभं राहून कॅरल म्हणायचं. ईस्टरपर्यंत सगळं बसतं. मग मे, मग पुन्हा जून.

हे मी वर्षानुवर्षं केलं. त्याबद्दल मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांनी मला काय दिलं, तर माझ्यावर एक पहारेकरी.

त्याचं कारण राजूरला घडलं. गेल्या पावसाळ्यात आम्ही राजूरच्या वरच्या एका वाडीत गेलो होतो. तिथल्या बालवाडीचं छप्पर गळत होतं, वर टाकायला ताडपत्री हवी होती. मी भिंगारहून नेली असती, पण मोठी ताडपत्री एका लग्नात अडकली होती. म्हणून राजूरच्या बाजारात घेतली. दुकानदाराने जो भाव सांगितला तो ऐकून मी त्याला म्हणालो, "ही ताडपत्री आहे का शालू?" तो म्हणाला, "परवडत नसेल तर छत्री घ्या." मग माझा आवाज वाढला. मग त्याचाही वाढला. त्याचा भाऊ आतून आला. बाजाराचा दिवस होता, डोंगरातले लोक भिजत उभे राहून ऐकत होते, आणि आमच्या पोरांच्या अंगात संघाचे पांढरे टी-शर्ट, पाठीवर क्रूस. पाळकसाहेब नेमके त्या दिवशी बरोबर होते. ते दोघांच्या मध्ये येऊन हात जोडून उभे राहिले. ताडपत्री मी म्हटलेल्या भावातच मिळाली, पण हे नंतर कोणी लक्षात ठेवत नाही.

पंचांच्या बैठकीत ठरलं की यापुढे सेवेच्या प्रत्येक सहलीत तरुणांबरोबर एक पंच राहील आणि परत आल्यावर अहवाल देईल. पंच कोणता, तर कॅन्टोन्मेंटच्या कचेरीतून रिटायर झालेले काका. आयुष्यभर फाइली हलवलेला माणूस. कमी बोलतात. कडक इस्त्रीची पँट घालून सहलीला येतात आणि टेम्पोत पुढच्या सीटवर बसतात, जिथे आजवर मी बसत आलो होतो. मला माझ्या नावाने कधी हाक मारत नाहीत. "मंडपवाले," म्हणतात, "टायरमध्ये हवा कमी वाटते."

हवा बरोबर असायची.

आता आमच्या संघातल्या एका मुलीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिचं आहे. तिचे वडील मिलिटरीच्या दवाखान्यात वॉर्डबॉय. ती डी.एड. करते, हार्मोनियम वाजवते, आणि जूनमध्ये न जाता नगरलाच राहिलेल्या मोजक्यांपैकी ती एक. तिच्या डोक्यात एक गोष्ट बसली होती. श्रीगोंद्याकडे ऊस तोडायला पूर्वेकडच्या कोरड्या तालुक्यांतून कुटुंबंच्या कुटुंबं येतात. दिवाळीनंतर शाळा सोडून मुलंही येतात आणि पाचटाच्या झोपड्यांत, ज्यांना कोप्या म्हणतात, त्यांत राहतात. आईबाप दिवसभर उसात. मुलं धाकट्या भावंडांना सांभाळत बसलेली. तिला त्यांचा दर शनिवारी वर्ग घ्यायचा होता. त्यांचं गावाकडचं पुस्तक सुटू नये, एवढंच.

त्यासाठी दोघांचा होकार पाहिजे होता. एक टोळीच्या मुकादमाचा. तिने एकटीने जाऊन त्याच्याशी बोलून ठेवलं होतं. तो म्हणाला होता, "एकदा सगळी या, मान्सं बघू कशी हायेत, मग सांगतो." दुसरा होकार पंचांचा. ते म्हणाले होते, नाताळाची सेवा ह्या वेळी त्याच टोळीवर करा, काका बघून येतील, तक्रार नसेल तर वर्गाचा विचार करू. आणि तक्रार असेल तर? पाळकसाहेब हळूच म्हणाले, "तर मग थोडे दिवस सहलीच नकोत, असं काहींचं मत आहे."

म्हणजे त्या एका दिवसावर तिचा वर्ग होता, आणि माझा संघ.

दिवस ठरला तो आमच्या सोयीने. रविवारी उपासना, शुक्रवार-शनिवार माझ्या लग्नाच्या तारखा, पुण्याच्या पोरांना सुट्टी बुधवारपासून. म्हणून गुरुवार. जेवण आम्हीच तिथे रांधायचं. आमच्यात नाताळ म्हटलं की रस्सा, त्यात कुणी चर्चाही केली नाही. तांदूळ, बटाटे, कांदे, मसाला घरोघरून जमा झालं. कोंबड्या आणायचं काम माझं.

आदल्या दिवशी मी एका ओळखीच्या कोंबडीवाल्याकडे गेलो. चांगल्या गावठी कोंबड्या, पिंजरे भरलेले. मी नेहमीप्रमाणे त्याच्या भावाच्या निम्म्यावरून सुरुवात केली. तो लगेच म्हणाला, "घेऊन जा शेठ."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मी आणखी खाली आलो.

"त्यातही न्या," तो म्हणाला. "महिनाभर कोण विचारतंय?"

दुसऱ्या कुणाच्या डोक्यात इथे घंटा वाजली असती. वीस वर्षं मी बाजारात उभा आहे. भाव पडला की तो का पडला ते आधी बघायचं, हे मी माझ्या कामावरच्या पोरांना शिकवतो. पण भाव खाली येताना मला एक झिंग चढते, तीत दुसरं काही ऐकू येत नाही. मी त्याचे दोन्ही पिंजरे उचलले. परत येताना टेम्पोत शीळ घालत होतो. काकांना मुद्दाम भाव सांगितला. ते म्हणाले, "स्वस्त आहेत." बस, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी श्रीगोंद्याच्या पुढे मुख्य रस्ता सोडून आम्ही उसातल्या वाटेला लागलो. पोरं मागे कॅरल म्हणत होती, कोंबड्या त्यांच्यात सूर मिसळत होत्या. टोळी नुकतीच फडातून परतली होती. बैल सोडलेले, बायका हातपाय धुऊन लुगडी बदलत होत्या. मुलं टेम्पोमागे धावत आली. मी ऐटीत उतरलो, मागचं फाळकं पाडलं आणि पहिला पिंजरा खाली ठेवला.

मग मी समोर पाहिलं.

कोपीच्या दारात शेणाने सारवलेला चौकोन होता. त्यावर पाट, पाटावर तांब्या, तांब्यावर आंब्याची पानं आणि नारळ, नारळाला हळदकुंकू. शेजारच्या कोपीतही तेच. त्याच्या पलीकडेही. एका तांब्याला तर हिरव्या खणाची साडी नेसवली होती, गळ्यात मण्यांची माळ.

मार्गशीर्षातला गुरुवार.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. मार्गशीर्षात लग्नाच्या पंगती गोड असतात, तो मंडप माझाच असतो, त्या महिन्यात खाटकाची दुकानं ओस असतात हे मी रोज बघतो. घराशेजारच्या वहिनी दर गुरुवारी आमच्याकडे केळं पाठवतात, ते मी खातो. पण आमच्या डोक्यात डिसेंबर म्हणजे नाताळ. एका डोक्यात दोन कॅलेंडरं होती आणि त्यांची कधी भेट झाली नव्हती. कोंबडीवाल्याचं "महिनाभर कोण विचारतंय" आत्ता मला ऐकू आलं.

काका टेम्पोतून उतरले. त्यांनी नारळाकडे पाहिलं, पिंजऱ्याकडे पाहिलं, आणि चष्मा काढून पुसला.

मुकादम पुढे आला. पन्नाशीचा, डोक्याला मफलर. त्याने पिंजरा पाहिला आणि त्याचा चेहरा कडक झाला.

"काय हे शेठ? बाया सकाळधरनं उपाशीपोटी ऊस तोडत्यात, अन् तुमी लक्ष्मीम्होरं कोंबड्या आनून ठिवल्या?"

मी म्हणालो, "अहो, नाताळाचं जेवण आहे. आम्ही आपलं प्रेमाने..."

"आदीच रानमालक इचारीत व्हता, ही चर्चची मान्सं हितं कशापायी येत्यात म्हून. त्याला म्या काय सांगू आता? बाटवायला आल्ते म्हून सांगू?"

त्या शब्दाने माझं डोकं फिरलं. माझे कान गरम होतात तेव्हा मलाच कळतं. मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो तेही ठरलं होतं: आम्ही घरचं धान्य आणलंय, कुणाला बोलावणं नाही, जबरदस्ती नाही, खायचं तर खा. आणि त्याच्याही पुढचं काहीतरी, जे राजूरला बोललो होतो.

"दादा," मागून हार्मोनियमवाली म्हणाली, "तो पिंजरा टेम्पोमागे ठेवता का? त्यांना ऊन लागतंय."

ऊन कुठे होतं! चार वाजून गेले होते. पण मी पिंजरा उचलला, आणि पिंजरा हातात असताना माणसाला नीट भांडता येत नाही. मी टेम्पोमागे जाईपर्यंत ती मुकादमाला ओलांडून सरळ बायकांत जाऊन बसली होती. जमिनीवर, चप्पल काढून.

"मावशी, चुकलं आमचं," ती म्हणाली. "आमच्यात नाताळ म्हटलं की रस्सा, तेवढंच डोक्यात. तुमचा गुरुवार ध्यानातच आला नाही. आता काय करायचं ते तुम्हीच सांगा."

मग मुकादमाची आई, जी कोपीच्या दारात तांदूळ निवडत होती, ती म्हणाली, "आदी त्यांचं पाय सोडा. मुका जीव हाय त्यो."

"कुनाचं, ह्या पोरांचं का कोंबड्यांचं?" एक तरणी बाई म्हणाली, आणि दोघीतिघी पदरात हसल्या.

"तुमच्यात न्हाई व्हय उपास?" दुसरीने विचारलं.

"असतो की. ईस्टरच्या आधी. चाळीस दिवस."

"चाळीस? आन् हे दादा धरत्यात?" तिने माझ्याकडे बोट केलं. सगळ्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं.

"ते चहा सोडतात."

"चाळीस दिस?"

"दुपारपर्यंत," ती म्हणाली.

आता मात्र सगळ्याच हसल्या. आमची पोरंही हसली. पुण्याहून आलेला तो इंजिनिअर तर टेम्पोला टेकून हसत होता. मी रागवायला हवं होतं. पण ते हसणं ऐकून मी टेम्पोच्या फाळक्यावर बसलो. मुकादम अजून गंभीर होता, पण त्याची आईच हसत होती म्हटल्यावर त्याला फार वेळ तसं राहता येईना.

हार्मोनियमवालीने बायकांना विचारलं, उपास सोडताना काय करता. म्हातारी म्हणाली, गोडाचं असतं, पण यंदा दिवसभर फड, कुनाला यळ हाय, भातावर भागवनार. ती म्हणाली, आमच्याकडे तांदूळ आहेत. गूळभात चालेल? बटाट्याची भाजी बिनकांद्याची करतो, भांडी तुमचीच घेतो, आमची नकोत. म्हातारीने मान डोलावली. मग हार्मोनियमवाली माझ्याकडे वळली.

"दादा, गूळ."

हे काम मला कळणारं होतं. मी टेम्पो काढला. फडापलीकडे एक गुऱ्हाळ होतं, धूर दिसत होता. मालक काहिलीशेजारी उभा होता. मी म्हणालो, ढेपा पाहिजेत, आत्ता. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, टेम्पोवरचं माझ्या मंडपाचं नाव वाचलं, आणि त्याला माझी घाई कळली. घाईतलं गिऱ्हाईक मीही असंच ओळखतो.

"पैसे राहू द्या," तो म्हणाला. "माझ्या पोराचा साखरपुडा आहे. मंडप द्या."

दोन ढेपांना मंडप. एरवी मी त्याला काहिलीत बुडवला असता. पण सूर्य उसाच्या तुऱ्यांवर आला होता आणि तिकडे बायका सकाळपासून उपाशी होत्या.

"दिला," मी म्हणालो.

तोच गडबडला. त्याला वाटलं माझा काहीतरी डाव आहे. "खुर्च्यांसकट हां," तो म्हणाला.

"खुर्च्यांसकट."

"आणि ती झालर असते ती?"

"झालरही."

आयुष्यात पहिल्यांदा मी पहिल्या शब्दाला हो म्हटलं होतं. गंमत म्हणजे मला काहीच झालं नाही. ढेपा टेम्पोत टाकल्या आणि निघालो. तो मात्र मागून बराच वेळ बघत उभा होता, आपण कमी मागितलं की काय म्हणून.

दिवेलागणीला बायकांनी पूजा केली. आमची पोरं गप्प लांब उभी राहिली, तसं हार्मोनियमवालीने बजावलं होतं. पूजा झाल्यावर म्हातारीने तिला हळदकुंकवाला बोलावलं. मी काकांकडे पाहिलं. काका आभाळाकडे पाहत होते.

"आजी, आम्ही कुंकू लावत नाही," ती म्हणाली. "पण ते केळं मला चालेल."

"लई हुशार हाय गं ही," म्हातारी म्हणाली. "कुक्कू नको, केळं पायजे. धर बाई, दोन घे."

मग पंगत बसली. गूळभातात म्हातारीने स्वतःच्या हाताने लवंगा टाकल्या होत्या. लक्ष्मीच्या नैवेद्यातला भात आधी निराळा काढला होता, तोही पानापानावर थोडा थोडा आला. काकांच्या ताटात वाढताना ती तरणी बाई थबकली. "तुमाला चालंल ना ओ बाबा?" काका म्हणाले, "वाढा." ते संपल्यावर त्यांनी ताट पुन्हा पुढे केलं.

जेवल्यावर बायकाच म्हणाल्या, आता तुमचं गानं म्हना. पोरांनी एकच कॅरल म्हटलं, ढोलकीवर, मुलं टाळ्या देत बसली. मुकादम उभ्याने ऐकत होता. गाणं संपल्यावर तो तिला म्हणाला, "शनवारी येत जा. चार वाजेपस्तोर." मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "गुरवारी मातर नका येऊ."

कोंबड्या परत न्यायला निघालो तर म्हातारीने अडवलं. दारात आलेलं परत कशाला नेता, महिना संपू द्या, मग बघू, म्हणाली. दोन्ही पिंजरे तिने कोपीमागे ठेवून घेतले. परतीच्या वाटेवर मला जाणवलं की माझा सदरा पाठीला चिकटलेला आहे. डिसेंबरची थंडी होती. पोरं मागे झोपून गेली आणि काका पुढच्या सीटवर सरळ बसून होते. मी वाट बघत होतो, हा माणूस काहीतरी बोलेल. भिंगारच्या वेशीवर ते म्हणाले, "मंडपवाले, उजव्या बाजूचा लाइट बारीक आहे."

बैठक जानेवारीत झाली. मला बोलावलं होतं. मी दोन दिवस मनात भाषण पाठ करत होतो, काका काय काय सांगतील आणि त्याला मी काय काय ऐकवीन. राजूरच्या ताडपत्रीपासून सुरुवात करणार होतो. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि काकांना विचारलं, सहल कशी झाली. काका उभे राहिले.

"वेळेवर निघालो, वेळेवर पोचलो. लोकांनी चांगलं स्वागत केलं. मुलांची वागणूक व्यवस्थित. मुकादमाने शनिवारच्या वर्गाला संमती दिली, माझ्यासमोर."

"आणि जेवण?" एका पंचाने विचारलं. त्यांना सगळ्या गोष्टींत जेवण विचारायची सवय आहे.

"गूळभात होता," काका म्हणाले. "चांगला झाला होता." आणि बसले.

वर्ग मंजूर झाला. सहली चालू राहिल्या. माझं पाठ केलेलं भाषण तसंच राहिलं. छातीवरून तंबूचा खांब कुणी उचलावा तसं मला झालं, आणि त्या हलकेपणातच मी उभा राहून बोललो की आता संघाचं काम हार्मोनियमवालीकडे द्यावं. मी टेम्पो आणि मंडप बघेन. पंचांनी एकमताने लगेच मान्य केलं. लगेच. एकाने तरी "अहो, तुम्ही कशाला सोडता" म्हणायला काय हरकत होती? ते मला अजून लागतं.

बाहेर आल्यावर काकांना गाठलं. "काका, कोंबड्यांचं नाही सांगितलंत?"

"जेवणात काय होतं ते विचारलं, ते सांगितलं," काका म्हणाले. "आणलं काय होतं ते कुणी विचारलं नाही." आणि स्कूटरला किक मारून गेले.

आता ह्या माणसाशी भांडायची सोय राहिली नाही. अढी मात्र आहे. पुढची सीट अजून त्यांचीच आहे.

वर्ग दर शनिवारी झाला. टेम्पोचं भाडं तिने माझ्याशी भाव करून ठरवलं आणि मी हरलो, हे इथे सांगायचं कारण नाही. मार्च आला, ऊस संपत आला, टोळी गावाकडे परतायची वेळ झाली. शेवटच्या शनिवारी म्हातारीने निरोप धाडला, सगळी या, जेवायलाच या.

गेलो. पंगत मांडली होती. भाकरी, आणि मोठ्या पातेल्यात रस्सा, लालभडक, तवंग आलेला. मार्गशीर्ष संपल्यावर काही कोंबड्या टोळीने खाल्ल्या होत्या. काही अंड्यांसाठी ठेवल्या होत्या, वर्गातल्या मुलांना अंडी मिळत होती. ट्रकवर कोंबड्या नेता येत नाहीत, म्हणून उरलेल्या आमच्यासाठी कापल्या होत्या.

आणि आमचा लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपास, चालू होता. संघातल्या निम्म्याअधिक पोरांनी चाळीस दिवस मांसाहार सोडला होता. ती सगळी तिच्याकडे बघू लागली, आणि ती माझ्याकडे. पहिल्यांदाच मला तिच्या चेहऱ्यावर काय करावं ते न कळल्यासारखं दिसलं.

"काय झालं?" म्हातारी म्हणाली. "तुमचा गुरवार हाय का आज?"

तेवढ्यात काका मांडी घालून बसले. इस्त्रीची घडी मोडेल म्हणून ते कधी जमिनीवर बसत नसत, त्या गूळभाताच्या पंगतीतही पिंपावर बसले होते. "वाढा आजी," ते म्हणाले. "रस्सा जरा जास्त."

मग सगळेच बसले. मीही जेवलो. शेवटी चहा आला तेव्हा मी म्हणालो, माझा चहा सुटलेला आहे. त्या तरण्या बाईने कोपीबाहेर जाऊन सूर्य किती कलला ते पाहिलं आणि कप माझ्यासमोर ठेवून दिला.

टोळी दिवाळीनंतर पुन्हा येणार आहे. पुढच्या नाताळाच्या सेवेचा दिवस आत्ताच ठरला आहे. तिने तो आधी कोप्यांतल्या बायकांना विचारला, मग पंचांना, आणि शेवटी, टेम्पो मोकळा ठेवावा म्हणून, मला कळवला.